अमूर्त चित्र, एक नग

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. "ह्यात काय आहे?" असं विचारतं. मी अमूर्त चित्रं काढते. म्हणजे ज्यात झाड, बैलगाडी, घागर घेतलेली बाई असं बोट दाखवून सांगण्यासारखं काही नसतं. रंग असतात, रंगांचे थर असतात, आणि एक थर खरवडून खालचा वर आणलेला असतो. सुरुवातीची काही वर्षं मी ह्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचे. "ही प्रार्थना आहे," म्हणायचे. त्यावर लोक चपला काढून चित्राला नमस्कार करायचे आणि मग हळूच विचारायचे, "कोणाची?"

मी पिंपरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. आमचे हे भोसरीत टर्नर होते. घरात देवाचं सगळं सासूबाई बघायच्या. त्या गेल्यावर देव्हारा माझ्याकडे आला आणि लक्षात आलं की ह्या विषयात आपण नापास आहोत. हातात जपमाळ घेतली की डोक्यात गवार निवडली जायची. पोथी उघडली की सातवी ब च्या न तपासलेल्या वह्या दिसायच्या. एका मे महिन्यात घराला रंग दिला, त्यातला थोडा डब्यात उरला होता. भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात ती पत्र्याची पट्टी घेऊन मी सहज एका जुन्या प्लायवर तो ओढायला लागले. ओढायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा ओढायचा, मग खरवडायचं. तासाभराने ह्यांनी हाक मारली तेव्हा कळलं की मधल्या वेळात डोक्यात गवारही नव्हती आणि सातवी ब सुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून पुन्हा बसले. तेव्हापासून माझी सकाळची पूजा तीच. देव्हाऱ्यातल्या देवांना रोज फूल मात्र वाहते. त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

ह्यांचं मत वेगळं होतं. "मशीनवर काम करताना माझंही डोकं रिकामं असतं," ते म्हणाले. "मग मी पण प्रार्थनाच करतो का?" मी म्हटलं, करत असाल. त्यावर ते खूश झाले आणि मला फळ्या ठोकून द्यायला लागले.

शाळा सुटल्यावर, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर, ह्या पूजेचा धंदा झाला. आमच्या भागात नव्या इमारती, नवे दवाखाने, नव्या कंपन्या ह्यांना भिंती फार. भिंतीवर देव लावला तर कोणीतरी विचारतं हाच का, बाई लावली तर दुसरं कोणी नाक मुरडतं, आणि निसर्गदृश्य कॅलेंडरवर असतंच. अशा वेळी अमूर्त बरं पडतं. माझ्या प्रार्थना बऱ्याचशा अशाच, दुसरं काही चालेना म्हणून लागल्या आहेत.

सांगवीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी माझं लाल चित्र नेलं आणि पंधरवड्यात परत आणलं. पेशंट खुर्चीत बसल्यावर त्याच्याकडे बघून घाबरतात, म्हणाले. मला त्यात पहाट दिसत होती. खुर्चीत बसून, तोंड उघडं ठेवून पाहिल्यावर काय दिसतं ह्याचा विचार मी केला नव्हता.

रहाटणीतला एक बिल्डर त्याहून मजेशीर. त्याला सँपल फ्लॅटसाठी एक चित्र हवं होतं. ते त्याला इतकं आवडलं की त्याने प्रत्येक फ्लॅटच्या हॉलमध्ये तेच देण्याचं ठरवलं.

"अहो, एकदा झालेली प्रार्थना पुन्हा तशीच कशी करणार?" मी म्हटलं.

"ताई, आरती आपण रोज तीच म्हणतो ना? चालही तीच. देव कधी म्हणतो का, काल हेच म्हणाला होतात?"

मी नकार दिला, पण तो माणूस बोलला ते चुकीचं होतं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, चाकणच्या कंपनीतून फोन आला तेव्हा मी केवढी हुरळले असेन ते कळावं. पलीकडे एचआरचे नचिकेत सर होते. तिशीतला उत्साही मुलगा. म्हणाला, "मॅडम, आम्ही प्लँटमध्ये एक शांतता कक्ष करतोय. सर्व धर्मांच्या लोकांना प्रार्थना करता येईल असा. तुम्ही प्रार्थना म्हणून चित्र काढता असं कळलं. आम्हाला तेच हवंय."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी सोफ्याचा रंग न सांगता चित्र मागत होतं.

ही कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवते. मोठ्या प्रेस असतात, पत्रा आत ठेवायचा, वरून दाब येतो, भाग तयार. शॉप फ्लोअरवर प्रत्येक खात्याने आपापले देव लावले होते. प्रेस शॉपमध्ये खंडोबा, पेंट शॉपमध्ये गणपती, फोर्कलिफ्टच्या शेडमध्ये अरबी अक्षरांची चौकट, एका केरळी सुपरवायझरच्या टेबलावर छोटा क्रूस. परदेशातल्या मुख्य कंपनीचे लोक पाहणीला आले, तेव्हा पेंट शॉपच्या गणपतीपुढे उदबत्ती पेटलेली होती. थिनरच्या डब्यांपासून हातभर अंतरावर. गणपतीला जे धोक्याचं वाटलं नव्हतं ते त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं. हुकूम निघाला, देव सगळे खाली उतरवा. उदबत्ती बंद करा म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण मोठ्या कंपनीत एवढा लहान निर्णय घेणारा माणूस नसतो.

उतरवलेल्या देवांच्या बदल्यात शांतता कक्ष. आणि कक्षाच्या मोठ्या भिंतीवर मी.

रंग ठरवायला मीटिंग बोलावली. नचिकेत सर, खरेदी विभागाचे एक गृहस्थ, सेफ्टी ऑफिसर आणि आणखी दोघं, जे शेवटपर्यंत बिस्किटं सोडून कशावरच बोलले नाहीत. मी रंगांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"भगवा नको, मॅडम," नचिकेत सर म्हणाले. "मला पर्सनली खूप आवडतो."

"हिरवा?"

सगळे बिस्किटांकडे बघायला लागले.

"बरं, निळा?"

"निळ्याचाही एक ग्रुप आहे आमच्याकडे."

"लाल?"

"युनियन."

"पांढरा तरी?"

"सुतकी वाटतो," खरेदीवाले म्हणाले.

पिवळ्याला सेफ्टी ऑफिसरनी हरकत घेतली. शॉप फ्लोअरवर पिवळा म्हणजे धोक्याची खूण, तो उगाच वापरून चालत नाही. शेवटी एक राखाडी उरला. नचिकेत सरांनी ती पट्टी उचलून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा कोणाचाच नाहीये!"

राखाडीत प्रार्थना होत नाही असं नाही. सगळे रंग एकमेकांत मिसळले की शेवटी राखाडीच होतो, हे मी सातवी ब ला दरवर्षी शिकवत होते. मी घरी येऊन सकाळी सकाळी बसत गेले आणि सहा फुटी चित्र पूर्ण केलं. मन लावून केलं, हे मला इथे सांगायलाच हवं. पुढे त्या चित्राबद्दल जे काही बोललं गेलं, त्यात हे कोणी बोललं नाही.

ते कंपनीत पोचलं तेव्हा स्टोअरने "अमूर्त चित्र, एक नग" अशी नोंद करून तपासणीला पाठवलं. तिथल्या मुलाने रंगाची जाडी मोजायचं यंत्र चार कोपऱ्यांना लावलं. थर एकसारखा नाही, असं निघालं. त्याने प्रामाणिकपणे पाठीमागे लाल स्टिकर चिकटवला, रिजेक्ट. मग नचिकेत सरांनी खास परवानगी काढून ते भिंतीवर नेलं. स्टिकर मात्र निघेना. अजून आहे.

कक्षाचं उद्घाटन प्लँट हेडच्या हस्ते झालं. आग लावायला मनाई असल्याने समईत बॅटरीचे दिवे होते. टाळ्या झाल्यावर एक पन्नाशी उलटलेला उंच माणूस माझ्याजवळ आला. बाळासाहेब. जवळच्याच गावचा. कंपनी उभी आहे त्या जमिनीत त्याच्या आज्याचा कांदा असायचा. प्रेस शॉपमधला सगळ्यात जुना माणूस, आणि खाली उतरवलेला खंडोबा त्यानेच आणलेला.

"बाई, ह्येच्यात आमचा देव कुठं हाय?"

मी म्हटलं, "शोधलात तर दिसेल."

त्याने खरंच बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "न्हाई, रंग चांगला बसलाय. वाईट वाटून घेऊ नका. पर पत्रा वाटतोय. आमी दिवसभर पत्राच बघतो."

त्याच्या मागून सलीमभाई पुढे आले. फोर्कलिफ्टचे मेकॅनिक, कुदळवाडीत राहतात. ते जास्त नरमाईने बोलले. "बाईसाहेब, आम्हाला नमाजला भिंत कोरीच बरी. पण तुमच्या चित्रात काही नाहीच, त्यामुळे अडचण नाही." ही माझ्या कामाला मिळालेली त्यातल्या त्यात बरी दाद.

नंतर कक्षात कोणी फारसं फिरकलं नाही असं कानावर आलं. दुपारी काही जण डबा खाऊन तिथे आडवे व्हायचे. शांतता होती, एसी होता. मी मनात म्हटलं, झोप ही काही वाईट प्रार्थना नव्हे.

मग विष्णूचा अपघात झाला.

विष्णू नांदेडकडचा, पंचविशीचा, ठेकेदाराकडून आलेला कंत्राटी कामगार. पत्रा आत सारताना प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच पाळीत प्रेस शॉपच्या लोकांनी काम थांबवलं. त्यांचं म्हणणं एकच, खंडोबा काढला म्हणून हे झालं. त्याच्या जागी ते राखेच्या रंगाचं अपशकुनी चित्र आणलं म्हणून झालं. देव परत लावा, नाहीतर प्रेस चालणार नाही.

नचिकेत सरांनी हे मला फोनवर सांगितलं. माझं चित्र अपशकुनी! मी विचारलं, "तो मुलगा कसा आहे?" ते म्हणाले, "हो, तो स्टेबल आहे. मॅडम, आपल्याला लोकांच्या भावना हाताळायच्यात. तुम्ही एक वर्कशॉप घ्याल का? रंगातून प्रार्थना. हीलिंग टाइप. प्लँट हेड एकदम पॉझिटिव्ह आहेत."

मी हो म्हटलं. चित्रावरचा डाग पुसायचा होता, त्या मुलासाठी काहीतरी करावं असंही वाटत होतं. ह्या दोन्हीतलं कुठलं किती, ते मला आता वेगळं करता येत नाही.

वर्कशॉप कँटीनमध्ये झालं. देवाचं बघू असं सांगून कंपनीने तोवर प्रेस पुन्हा चालू करून घेतल्या होत्या. प्रेस शॉपचे लोक हाताची घडी घालून बसले होते. मी कागद आणि रंग वाटले. पिवळा घेऊ नका असं सांगायला सेफ्टी ऑफिसर तिथे नव्हते. मी म्हटलं, "देवासमोर उभं राहून जे मागाल ते रंगात मांडा. देव काढायचा नाही, माणूस काढायचा नाही, अक्षर लिहायचं नाही."

"बाई, नापास करनार का?" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. बाळासाहेबाने मागे वळून बघितलं तसा थांबला. मग हळूहळू सगळे कामाला लागले. मोठी माणसं रंग घेऊन बसली की पोरांपेक्षा गप्प होतात. कँटीनच्या भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

कागद भिंतीला लावले आणि मी एकेक बघत गेले. एकमेकांशी न बोलता बहुतेकांनी एकच आकृती काढली होती. दोन पिवळे उभे पट्टे, आणि मधली जागा रिकामी. एकाने मधे काळं फासलं होतं, एकाने लाल. बाकी सगळे तसेच.

मी आयुष्यभर ज्याच्यावर विश्वास ठेवला ते माझ्यापुढे भिंतीवर उभं होतं. मला राहवलं नाही. मी भाषण केलं. हे गाभाऱ्याचे खांब आहेत म्हटलं. मधली पोकळी म्हणजे निराकार. आपल्या सगळ्यांच्या मनाच्या तळाशी एकच दार आहे आणि आज ते उघडलं. नचिकेत सर फोनवर सगळं रेकॉर्ड करत होते. लोक माझ्याकडे फार मायेने बघत होते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं.

सगळे गेल्यावर बाळासाहेब थांबला. "बाई, लई चांगलं बोललात. पर त्यो गाभारा न्हाई. त्यो पडदा हाय."

"कसला पडदा?"

त्याने समजावलं. प्रेसच्या तोंडाशी दोन पिवळे खांब असतात. त्यांच्यामधून न दिसणारे किरण जातात. माणसाचा हात मधे गेला की किरण तुटतात आणि प्रेस जागच्या जागी थांबते. ह्याला कामगार पडदा म्हणतात. विष्णूच्या प्रेसचा पडदा बिघडला होता. मधे काही नसतानाही प्रेस थांबायची आणि माल कमी निघायचा. म्हणून तो बंद करून ठेवलेला. खांब जागेवर, पिवळे, चकचकीत. मधे काहीच नाही.

"आणि बाकीच्या प्रेस?"

"आणखी हायेत तशा. अजून चालूच हायेत."

"मग तुम्ही हे सांगितलं का नाही? खंडोबाचं का काढलंत?"

बाळासाहेब जरा ओशाळला. "सांगून सांगून थकलो, बाई. पडदा बंद हाय म्हनलं तर सुपरवायझर बी ऐकत न्हाई. देव काढला म्हनलं की अख्खं मॅनेजमेंट पळत येतंय. पोरं कंत्राटी. त्यांनी तोंड उघडलं की उद्या गेटवर अडवत्यात. देवाचं नाव घेतल्यावर कोन अडवंल?"

"म्हणजे खंडोबामुळे झालं असं तुम्हाला वाटत नाही?"

"थोडं वाटतं की," तो म्हणाला. "त्यो असता तर येवढी हिंमत झाली नसती त्यांची. पर पडदा पन पायजेलच ना."

मी तशीच नचिकेत सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे तो. पण ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू दाराकडे वळत गेला. "मॅडम, तो इंजिनिअरिंगचा विषय आहे," ते म्हणाले. "स्पेअर पार्ट प्रोसेसमध्ये आहे. आपण फीलिंगवर राहू या. आजचं सेशन इतकं सुंदर झालंय, ते डायल्यूट नको करायला."

मग त्यांनीच आनंदाची बातमी दिली. अपघाताच्या चौकशीसाठी परदेशातून मुख्य कंपनीच्या सुरक्षा प्रमुख येणार होत्या. त्यांना दाखवायला ही सगळी चित्रं फ्रेम करून रिसेप्शनमध्ये लावायची. कामगारांचं मन किती हलकं झालंय ते त्यांना दिसेल.

मी उठता उठता पुन्हा बसले. म्हटलं, "फार छान कल्पना आहे. ज्यांनी काढली त्यांनाही उभं करा शेजारी. बाळासाहेब तर हवेतच. आणि मी पण येईन."

"अर्थातच! मॅडम, नावं मी देऊ का चित्रांना?"

"द्या ना," मी म्हटलं.

त्यांनी सुरेख नावं दिली. प्रकाशाचं द्वार. उंबरठा. अनंताकडे. सोनेरी पाट्यांवर कोरून घेतली. हे मला तेव्हाही दिसत होतं की मी काय करते आहे. चाकणच्या पट्ट्यात एचआरवाले सगळे एकमेकांना ओळखतात. ह्यानंतर मला कुठल्या कंपनीचं दार उघडं राहील असं नव्हतं. आणि बाळासाहेबाची निवृत्ती जवळ आलेली. मी त्याला त्या बाई यायच्या आदल्या दिवशी फोन करून, त्यांच्यापुढे पडद्याचं सांगाल का, असं विचारलं. तो म्हणाला, "मी आदीच बोलनार हुतो. इंग्रजी तेवढं तुमी बघा."

त्या बाई आल्या. कात्या नावाच्या, पांढरे केस बारीक कापलेले, पायात सेफ्टी शूज. पुष्पगुच्छ घेतला आणि लगेच दुसऱ्याच्या हातात दिला. प्लँट हेड त्यांना चित्रांसमोरून नेत होते. नचिकेत सर इंग्रजीत सांगत होते की आमच्या संस्कृतीत प्रकाशाला फार महत्त्व आहे. पहिल्या चित्रापुढे त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्यापुढे पाय अडखळला. तिसऱ्यापाशी त्या उभ्याच राहिल्या. मग मागे जाऊन पहिलं पुन्हा बघितलं.

"सगळ्यांनी हेच का काढलंय?" त्यांनी विचारलं.

"अध्यात्म, मॅडम," नचिकेत सर म्हणाले.

कात्याबाईंनी बाळासाहेबाकडे बघितलं. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती, तेच नाव चित्राखाली होतं. त्याला विचारलं, "हे काय आहे?"

नचिकेत सर मराठीत म्हणाले, "बाळासाहेब, मॅडमना सांगा, वर्कशॉपमध्ये कसं वाटलं."

"त्यांनी तसं विचारलं नाही," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "त्या विचारतायत, हे काय आहे."

बाळासाहेबाने टोपी काढली आणि सांगितलं. खांब आहेत, पडदा नाही. विष्णूच्या प्रेसला नव्हता, आणखी कुठे कुठे नाही ते नंबर सांगून सांगितलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत केलं. शाळेतलं इंग्रजी माझं, पण त्यात कमीजास्त करण्यासारखं काही नव्हतं. प्लँट हेड मधे म्हणाले, "हे आपण केबिनमध्ये बोलू." कात्याबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आधी प्रेस बघू." सेफ्टी शूज घालून आल्याच होत्या, तशा चालायलाच लागल्या.

दुपारपर्यंत त्या सगळ्या प्रेस थांबल्या. पडदे बसेपर्यंत थांबूनच राहिल्या. प्रोसेसमध्ये अडकलेला पार्ट विमानाने आला.

आता ह्याचा शेवट तुम्हाला वाटतो तसा झाला नाही. प्रेस शॉपच्या सुपरवायझरला घरी बसवलं, जो बिचारा वरून आलेला आकडाच खाली सांगत होता. प्लँट हेडना वर्षअखेरीस सुरक्षेचं पारितोषिक मिळालं. कंपनीच्या मासिकात आलं की रंगप्रार्थनेमुळे अपघात कमी झाले. सोबत माझा फोटो. विष्णूबद्दल ठेकेदाराने "तो आमच्याकडे नव्हताच" म्हणायला सुरुवात केली होती. कात्याबाईंचा अहवाल आल्यावर कंपनीने त्याला स्टोअरमध्ये कायम करून घेतलं. बाळासाहेब वेळेवर निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि त्याचा खंडोबा परत देण्यात आला.

मग एक दिवस नचिकेत सरांचा फोन आला. आवाज अवघडलेला. "मॅडम, रिसेप्शनमधली ती चित्रं काढतोय आम्ही. कस्टमर विचारतात आणि मग… तुम्ही तिथे दुसरी द्याल का? जरा प्युअर अमूर्त. म्हणजे, ज्यात खरंच काही नसेल असं."

बरीच वर्षं लोक माझ्याकडे हे मागायला कचरत होते. त्याने सरळ मागितलं. मी म्हटलं, "तसलं मला जमत नाही. पण उतरवलेली चित्रं फेकू नका, मी टेम्पो पाठवते." त्यांनी लगेच होकार दिला. बहुधा सुटल्यासारखं वाटलं असावं.

ती चित्रं संत तुकाराम नगरातल्या आमच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी होती. सोनेरी पाट्या ह्यांनी स्क्रू काढून वेगळ्या केल्या. त्या रविवारी विष्णू आला, बायकोला घेऊन. वर्कशॉपच्या वेळी तो हॉस्पिटलमध्ये होता, म्हणून त्याने ती पाहिली नव्हती. बाळासाहेबाने त्याला पाठवलं होतं. मी म्हटलं, चहा टाकते, तुम्ही बघा निवांत.

तो एकेका चित्रापुढे थोडा थोडा थांबला. कोणाचं कुठलं ते बायकोला सांगत होता. "हे सचिनचं. हे बाळासाहेबांचं. हे त्या लातूरवाल्याचं." कशात काय आहे, ते तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

चहा झाल्यावर म्हणाला, "बाई, मला बी एक काढू द्या की."

मी प्लायची फळी दिली, रंगांचे डबे पुढे केले. त्याने समोर होता तो जांभळा घेतला. पट्टी डाव्या हातात धरली, मग जरा विचार करून उजव्यात घेतली. राहिलेल्या बोटांत ती धड बसत नव्हती. दोनदा पडली. बायको उठायला लागली, तिला मी खुणेने बसवलं. मग त्याला पकड सापडली, अंगठ्याच्या बेचक्यात. रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढला. वाकडा गेला. त्याच्याखाली दुसरा ओढला. फळी भरेपर्यंत तो ओढत राहिला. ह्यांनी टीव्ही बंद केला होता, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

झाल्यावर त्याने पट्टी खाली ठेवली. मास्तरीण माणूस मी, सवय जात नाही. विचारलं, "काय मागितलंस रे?"

"काई नाही, बाई," तो म्हणाला. "हात चालायलाय का ते बघायलो होतो."